खांब जनतेचे, गिऱ्हाईक शेठजींचे

2023 च्या जानेवारीत, 4 तारखेच्या मध्यरात्रीपासून, महानिर्मिती, महापारेषण व महावितरण या महाराष्ट्र शासनाच्या तिन्ही वीज कंपन्यांतील कर्मचारी, अभियंते आणि अधिकारी संपावर गेले. तीसहून अधिक संघटना प्रथमच एका व्यासपीठावर आल्या होत्या. ‘मेस्मा’चा बडगा उगारण्यात आला, तरी संपकरी डगमगले नाहीत. विशेष म्हणजे पगारवाढ, बोनस किंवा बढती ही या संपाची मध्यवर्ती मागणी नव्हती. नवी मुंबई, मुलुंड, भांडुप, पनवेल, तळोजा या महावितरणच्या ऐन दुभत्या टापूत समांतर वीजवितरणाचा परवाना मिळावा, असा अर्ज अदानी उद्योगसमूहाच्या कंपनीने वीज नियामक आयोगाकडे केला होता. त्या अर्जाविरुद्ध हा संप होता. दुपारी उपमुख्यमंत्री व ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी संघटनांना चर्चेस बोलावले, शासनाला वीज कंपन्यांचे खाजगीकरण करावयाचे नाही असे सांगितले, उलट तीन वर्षांत या कंपन्यांत पन्नास हजार कोटींची गुंतवणूक करू असा शब्द दिला. बहात्तर तासांचा संप एका दिवसातच मागे घेतला गेला.

संप मागे घेण्यात चूक झाली, असे आम्हांस म्हणावयाचे नाही. अंधारात बसलेली जनता फार काळ संपकऱ्यांच्या बाजूने राहत नाही, हे कामगार चळवळीतल्या कोणालाही सांगावे लागत नाही. प्रश्न त्या आश्वासनाचा आहे. ‘वीज कंपन्या विकणार नाही’ हे वाक्य शब्दशः खरे ठरू शकते आणि तरीही सार्वजनिक वीजव्यवस्था दहा वर्षांत मातीमोल होऊ शकते. कारण आज कोणाही भांडवलदाराला महावितरण नावाची कंपनी विकत घ्यावयाची नाही. भामरागडच्या जंगलातून आणि धडगावच्या डोंगरातून ओढलेल्या तारा, वादळात आडवे होणारे खांब, लाखो कृषिपंप व त्यांची थकबाकी यांचे लोढणे गळ्यात बांधून घेण्याइतके हे लोक दुधखुळे नाहीत. त्यांना हवे आहे ते गिऱ्हाईक, आणि तेही वेचक. खांब जनतेच्या मालकीचे राहू देत, गिऱ्हाईक तेवढे आमच्या हवाली करा, असा हा सौदा आहे. आश्वासन मिळाले ते खांबांबद्दल. गिऱ्हाइकाबद्दल कोणी शब्द दिला आहे?

ही गोष्ट समजून घेण्यासाठी विजेच्या दराचे गणित थोडे सविस्तर पाहिले पाहिजे. आपल्या कार्यकर्त्यांना या विषयाचा कंटाळा येतो, हे आम्ही जाणतो. पण हे गणित कळले नाही तर पुढची लढाई घोषणांपलीकडे जाणार नाही. महावितरणला वीज जनित्रापासून घरापर्यंत आणण्यास जो सरासरी खर्च येतो, त्याहून अधिक दर कारखाने, मॉल, मोठी कार्यालये आणि भरपूर वीज वापरणारी घरे देतात. कृषिपंप आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबे त्याहून पुष्कळ कमी दर देतात. वरच्यांनी दिलेल्या अधिक पैशातून खालच्यांची तूट भरून निघते. यालाच ‘क्रॉस सबसिडी’ म्हणतात. हिच्यात भिक्षा किंवा धर्मादाय काही नाही. एकाच राज्यात, एकाच जाळ्यावर राहणाऱ्यांनी एकमेकांचा भार उचलावा, इतकाच तिचा अर्थ आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्याच्या बिलातून साक्री-शिरपूरच्या विहिरीवरचा पंप चालतो.

आता या पट्ट्यात दुसरा परवानाधारक आला, तर तो कोणाच्या दारात प्रथम जाईल? ज्याचे बिल महिन्याला लाखांत जाते, त्याच्याच. त्याला तो चार पैसे कमी दर देऊ करील, कारण साक्रीच्या पंपाचा भार त्याच्यावर मुळी नाहीच. कायद्यात अधिभाराची तरतूद आहे खरी. परंतु तो अधिभार उत्तरोत्तर कमी करीत न्यावा असे 2003 चा वीज कायदाच सांगतो. मोठे गिऱ्हाईक गेले की महावितरणचा सरासरी दर वाढेल. दर वाढला की उरलेल्यांतले जरा सुस्थितीतले लोकही निघून जातील. शेवटी उरतील ते शेतकरी, झोपडपट्टी, ग्रामपंचायतीचे रस्त्यावरचे दिवे आणि पाणीपुरवठ्याच्या योजना. मग ‘सार्वजनिक क्षेत्र तोट्यात आहे’ असा अग्रलेख लिहिण्यास संपादकांची रांग लागेल.

हा निव्वळ तर्क नाही. मुंबईच्या उपनगरांत हे घडून गेले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2008 च्या निकालानंतर टाटांना तेथे किरकोळ ग्राहकांना वीज देण्याची मोकळीक मिळाली आणि 2009 पासून रिलायन्सचे ग्राहक टाटांकडे वळू लागले. तीन वर्षांत परिस्थिती अशी झाली की, 2012 च्या ऑगस्टमध्ये खुद्द नियामक आयोगाला बड्या ग्राहकांच्या या वेचणुकीवर ताशेरे ओढावे लागले आणि काही काळ केवळ लहान घरगुती ग्राहकच घ्यावेत असे बंधन घालावे लागले. पुढे त्यावर अपिले झाली, ती वेगळी कथा. लक्षात घ्यावयाची गोष्ट ही की, हे दोन बलाढ्य खाजगी उद्योगसमूहांमध्ये घडले, आणि तेथेही मागे पडणारा ओरडला. महावितरणच्या वतीने कोण ओरडणार? तिचे संचालक शासन नेमते आणि शासन कोणाच्या विमानातून फिरते, हे वाचकांना ठाऊक आहे.

याच उपनगरांची आणखी एक हकीकत सांगण्याजोगी आहे. 1929 पासूनची बीएसईएस 2003 मध्ये रिलायन्सकडे गेली आणि 2018 च्या ऑगस्टमध्ये रिलायन्सने तो व्यवसाय 18,800 कोटी रुपयांना अदानींना विकला. चहाचे दुकान गिऱ्हाइकांसकट विकावे, तशी लक्षावधी कुटुंबे एका हातातून दुसऱ्या हातात गेली. त्यांचे मत कोणी विचारले नाही. वर्ष संपण्यापूर्वी बिले फुगल्याचा असा गिल्ला झाला की, आयोगाला चौकशी लावावी लागली. स्पर्धेमुळे ग्राहक राजा होतो, हे सुभाषित तेवढ्यापुरते कोणाच्या तोंडी आले नाही.

समांतर परवानाधारकाने स्वतःचे वितरणाचे जाळे उभारावे, अशी 2003 च्या कायद्याची अट आहे. ही एक धोंड भांडवलदारांच्या वाटेत होती. ती दूर करण्यासाठी 2022 च्या ऑगस्टमध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक मांडण्यात आले. त्यात दुसऱ्याच्या तारांवरून वीज देण्याची मुभा होती. वीज कामगार व शेतकरी संघटनांच्या विरोधामुळे ते स्थायी समितीकडे गेले आणि 2024 मध्ये लोकसभेबरोबरच विसर्जित झाले. परंतु 2025 च्या ऑक्टोबरात केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने नवा मसुदा प्रसिद्ध केला. त्यातही सामायिक तारांची सोय आहेच. शिवाय कारखाने, रेल्वे व मेट्रो यांच्यावरील क्रॉस सबसिडीचा भार पाच वर्षांत संपुष्टात आणावा, असे त्यात म्हटले होते. तारा कोणी ओढल्या? सार्वजनिक पैशाने. त्यांवरून नफ्याची वीज कोण नेणार? खाजगी कंपनी. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण पाठ्यपुस्तकातून काढून टाकून थेट कायद्यात घालण्याचा हा उपक्रम आहे.

यावर शासनाचे ठरलेले उत्तर असे, की शेतकऱ्याची काळजी आम्ही तिजोरीतून घेऊ. 2024 साली, विधानसभेची निवडणूक तोंडावर असताना, साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना पाच वर्षे मोफत वीज जाहीर झाली. 44 लाख शेतकऱ्यांसाठी वर्षाला 14,760 कोटी रुपये लागतील असे सांगण्यात आले. शेतकऱ्याला दिलासा मिळाला असेल, तर आम्हांस आनंदच आहे. परंतु दराच्या रचनेतच असलेला आधार आणि अर्थमंत्र्यांच्या मर्जीवर असलेला आधार, यांत फरक आहे. दरातला आधार काढावयाचा तर जनसुनावणी घ्यावी लागते, हरकती ऐकाव्या लागतात. तिजोरीतला आधार एका शासननिर्णयाने आटतो, आणि न आटला तरी कंपनीला वेळेवर मिळत नाही.

विजेची मालकी समाजाकडे असावी, हा विचार काही रशियातून आयात झालेला नाही. 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे विजेच्या नियोजनाचा विषय होता. औद्योगिकीकरणावाचून दारिद्र्य हटणार नाही, स्वस्त व मुबलक विजेवाचून औद्योगिकीकरण होणार नाही, आणि नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्या अशी वीज देणार नाहीत, ही त्यांच्या विचारांची साखळी होती. पुढे 1948 चा वीजपुरवठा कायदा झाला, तेव्हा केंद्रात वीज खात्याचे मंत्री काकासाहेब गाडगीळ होते. त्या कायद्यातून राज्याराज्यांची वीज मंडळे निघाली आणि 20 जून 1960 रोजी, महाराष्ट्र राज्य जन्मल्यावर दोन महिन्यांच्या आत, आपले मंडळ स्थापन झाले. तोवरच्या खाजगी कंपन्या मुंबई-पुण्यासारख्या शहरांत दिवे लावून तृप्त होत्या. खेड्यात तार गेली ती मंडळामुळे.

आणि खाजगीकरणाचा पहिला प्रयोग महाराष्ट्राने कसा भोगला, हे नव्या कार्यकर्त्यांना सांगितले पाहिजे. 1992 मध्ये एन्रॉनशी समझोता झाला. जागतिक बँकेने देखील या प्रकल्पास पैसा देण्याचे नाकारले. तरी 1993 चा वीजखरेदी करार झाला. 1995 मध्ये तो अरबी समुद्रात बुडविण्याची भाषा करून सत्तेवर आलेल्यांनी करार रद्द केला आणि अधिक मोठा करार करून परत आणला. 1996 मध्ये तेरा दिवसांच्या वाजपेयी सरकारला दुसरे काही साधले नाही, पण एन्रॉनला प्रतिहमी तेवढी देता आली. 1997 च्या जूनमध्ये गुहागर तालुक्यातील वेलदूरच्या कोळी स्त्रियांना पोलिसांनी पहाटे घरांत घुसून मारले. मृणालताई गोरे यांच्यासारख्या नेत्या या लढ्यात अग्रभागी होत्या. 1999 मध्ये वीज आली, ती सांगितलेल्या दराच्या दुपटीतिपटीने महाग. वीज घ्या अथवा न घ्या, स्थिर आकार भरा, तोही डॉलरच्या भावाशी बांधलेला. 2001 च्या मे महिन्यात मंडळाने वीज घेणे थांबवले. डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉनचे दिवाळे वाजले. दाभोळचे ते धूड 2005 मध्ये कोणी पदरात घेतले? एनटीपीसी आणि गेल या सार्वजनिक कंपन्यांनी.

त्याच वर्षी, 2005 च्या जूनमध्ये, मंडळाचे विभाजन झाले. मग आल्या फ्रँचायझी. 2007 मध्ये भिवंडी टोरंटकडे गेली. तेथे निम्म्याहून अधिक वीज गळतीत व चोरीत जात होती आणि टोरंटने ती मोठ्या प्रमाणात खाली आणली, हे खरे आहे आणि ते मान्य करण्यात आपले काही जात नाही. पण भिवंडी हे दाट, एका मुठीत येणारे यंत्रमागाचे गाव. तेथे कंपनीला वीज निर्माण करावयाची नव्हती, दूरच्या शिवारात न्यावयाची नव्हती. महावितरणने दारात आणून दिलेली वीज ठरलेल्या दराने घ्यावयाची आणि वसुली करावयाची. शासनाने या एका यशाचा दाखला देत 2011 मध्ये औरंगाबाद, जळगाव आणि नागपूरचे महाल, गांधीबाग, सिव्हिल लाइन्स हे विभाग खाजगी कंपन्यांना दिले. औरंगाबादचा करार 2014 मध्ये थकबाकीपायी मोडला. जळगावचा 2015 मध्ये संपला. नागपुरात मूळ कंपनी लवकरच दुसऱ्या समूहाच्या हाती गेली आणि 2019 मध्ये त्यांनीही हात वर केले. चार प्रयोगांपैकी तीन फसले. तिन्ही वेळा रात्रीतून कारभार ताब्यात घेऊन दिवे चालू ठेवले ते ज्यांना अकार्यक्षम म्हणून हिणवले गेले, त्या महावितरणच्या वायरमन व अभियंत्यांनीच. त्यानंतर कोणी धडा घेतला असेल असे वाटत असेल, तर 2020 मध्ये मुंब्रा-कळवा आणि मालेगावही फ्रँचायझीला दिले गेले, हे नमूद करतो.

महाराष्ट्राबाहेरही निराळे चित्र नाही. जागतिक बँकेच्या सल्ल्याने ओरिसाने 1996 पासून मंडळ मोडले आणि 1999 मध्ये वितरण विकले. त्याच वर्षीच्या महावादळात जाळे उद्ध्वस्त झाले. मध्य विभाग घेतलेली अमेरिकन कंपनी 2001 मध्ये निघून गेली आणि उरलेल्या तिन्ही विभागांचे रिलायन्सचे परवाने आयोगाने 2015 मध्ये रद्द केले. मग 2020-21 मध्ये तेच चार विभाग टाटांना दिले गेले. दिल्लीचा दाखला मात्र आमचे विरोधक मोठ्या अभिमानाने देतात. 2002 च्या खाजगीकरणानंतर तेथे गळती खरोखर एकेरी आकड्यापर्यंत उतरली. पण 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे जो हिशेब आला, तो ते सांगत नाहीत: 31 मार्च 2024 अखेर दिल्लीच्या तीन कंपन्यांची ग्राहकांकडून वसूल व्हावयाची राहिलेली रक्कम 27,200 कोटी रुपये. राजकीय सोयीसाठी दर वाढवले नाहीत, देणे मात्र व्याजासह वाढत गेले, आणि न्यायालयाने ते ठराविक वर्षांत चुकते करण्यास सांगितले. ते फेडणार दिल्लीचा ग्राहक अथवा करदाता. स्वस्त विजेचे हे बिल वीस वर्षांनी आले, एवढेच.

आता आपल्या घराकडे वळू. मंडळ व महावितरण यांच्याविषयी लोकांच्या मनात प्रेम नाही, आणि त्याला कारणे आहेत. जोडणीसाठी वर्षानुवर्षे ताटकळणारा शेतकरी, जळालेले रोहित्र बदलून घेण्यासाठी गावाने काढलेली वर्गणी, सरासरीच्या नावाखाली आलेले अवाच्या सवा बिल, हे सर्व खरे आहे. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे हिशेबातला खोटेपणा. अनेक वर्षे मंडळ आपली गळती अठरा टक्क्यांच्या आसपास दाखवीत होते. मीटर नसलेल्या पंपांचा वापर फुगवून चोरी त्याखाली झाकली जात होती. 2000 साली नव्याने आलेल्या नियामक आयोगापुढे उघड सुनावणी झाली, पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या संस्थांनी आकड्यांची चिरफाड केली, आणि गळती तीस टक्क्यांवर निघाली. शेतकऱ्याच्या नावावर कारखानदारांची आणि पुढाऱ्यांची चोरी खपत होती.

ज्यांना यातून खाजगीकरणाचे समर्थन काढावयाचे आहे, त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, ही चोरी कोणा खाजगी मालकाने पकडली नाही. ती पकडली नागरिकांनी, उघड सुनावणीत, कागद मागून. सार्वजनिक मालकी होती म्हणून तो कागद मागता आला. माहितीचा अधिकार महावितरणला लागू आहे. खाजगी कंपनीकडे तो मागावयास गेल्यास व्यावसायिक गुपिताचे दार तोंडावर आपटते. ढेकणांसाठी घर जाळावयाचे नसते, हे आपल्या आज्या सांगत. येथे तर घर जाळण्याची सुपारी ढेकणांनीच दिली आहे.

घर आतूनही पोखरले जात आहे. 2023 च्या ऑगस्टमध्ये स्मार्ट मीटरची कंत्राटे दिली गेली. त्यांतील एका समूहाचे कंत्राट एक कोटी सोळा लाख मीटरांसाठी 13,888 कोटींचे आहे. देखभाल धरून मीटरमागे बारा हजारांच्या घरात. केंद्राचे अनुदान मीटरमागे फार तर नऊशे रुपये. उरलेले अकरा हजार दरातून, म्हणजे आपल्याकडूनच, वसूल होणार. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत फटका बसल्यावर जूनमध्ये सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही अशी घोषणा झाली. कंत्राटे मात्र कायम राहिली आणि तीच मीटरे नाव बदलून दारात आली. मीटर ही वीज कंपनीची तिजोरी असते. तिच्या किल्ल्या ज्यांच्या हाती जात आहेत, त्यांच्यातलाच एक समूह समांतर परवान्याचा अर्जदार आहे, हा योगायोग मानण्याइतका भोळा वाचक आपल्या साप्ताहिकाला नसावा.

दुसरे पोखरणे माणसांचे. आज खांबावर चढणारा तरुण पुष्कळ ठिकाणी महावितरणचा नोकर नाही. तो कंत्राटदाराचा माणूस आहे. पावसाळ्यात तुटलेली तार जोडताना त्याचा जीव गेला, तर त्याच्या विधवेने कोणाच्या दाराशी जावयाचे, हेच ठरत नाही. 2023 च्या संपात हे कंत्राटी कामगार आपल्या न्याय्य मागण्यांसह उतरले होते. परंतु कायम कर्मचाऱ्यांच्या मोठ्या संघटना त्यांच्या प्रश्नाला यादीतले शेवटचे कलम समजतात, असा आमचा अनुभव आहे. उद्या खाजगी परवानाधारक आला, तर तो पहिल्या दिवसापासून केवळ कंत्राटी माणसांवर कारभार चालवील. तो मार्ग महावितरणने आधीच आखून ठेवला आहे. संघटनांनी या तरुणांना सभासद करून घेतले नाही, तर पुढच्या संपात ते कोणत्या बाजूला असतील, याचा विचार त्यांनी आजच करावा.

आणि ग्राहकाचे काय? वीज कामगार ग्राहकाला संपाच्या दिवशी आठवतो, ग्राहकाला वीज कामगार दिवे गेल्यावर आठवतो. हे बदलावयाचे तर काम तालुक्यातूनच सुरू झाले पाहिजे. समांतर परवान्याचा अर्ज असो वा दरवाढीचा, आयोगाला हरकती मागवाव्या लागतात. त्याची जाहिरात वृत्तपत्रात बारीक टाइपात येते, मुदत थोड्या दिवसांची असते, आणि कार्यकर्त्यांना ती उलटून गेल्यावर कळते. प्रत्येक जिल्हा शाखेने दोघांवर केवळ ही जाहिरात पाहण्याची जबाबदारी टाकावी. दहा गावांतील पंपांचा प्रत्यक्ष वापर आणि महावितरणच्या दप्तरातला वापर ताडून पाहावा. कोणत्या फीडरवर कोणत्या कारखान्याची चोरी दडली आहे, हे तेथील वायरमनलाच ठाऊक असते, त्याला सोबत घ्यावे. हरकत मराठीत लिहावी, सुनावणीच्या दिवशी शेतकरी, घरगुती ग्राहक आणि कंत्राटी कामगार असे तिघे एकाच अर्जावर सह्या करून उभे राहावेत, आणि अर्जदार कंपनीला विचारावे की, परवाना मागितलेल्या हद्दीतील कोणत्या झोपडपट्टीत, कोणत्या पाड्यावर, किती तारखेपर्यंत तुमची तार पोहोचणार आहे.